औषध कोणतं ते लिहिलं, पोचवलं कसं ते कोण लिहिणार?

उंबरवाट

नमस्कार मंडळी. बऱ्याच महिन्यांनी धागा काढतेय. निमित्त असं की माझा एक पेपर परत आला. नाकारला नाही, परत आला. पेपर पाठवणाऱ्यांना यातला फरक सांगायला नको. इतरांनी असं समजावं की स्थळ मोडलं नाही, पण मुलाकडच्यांनी २७ कलमांची यादी धाडली आहे.

मी पीएसएमवाली, प्रतिबंधक आणि सामाजिक वैद्यकशास्त्राची. म्हणजे मेडिकल कॉलेजात ज्या विषयाच्या तासाला पोरं हमखास झोपतात, त्या विषयाची. आमच्या फील्डमधल्या दोन पीएचसींत, म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्रांत, आम्ही रक्तदाबाच्या रुग्णांसाठी एक छोटं काम केलं. नवीन औषध वगैरे काही नाही. गोळ्या त्याच, सरकारी प्रोटोकॉल तोच. प्रश्न एवढाच की पहिल्यांदा गोळ्या घेऊन गेलेला माणूस पुढच्या महिन्यात परत का येत नाही आणि त्याला आणायचं कसं. कार्डं छापली, नोंदवही केली, आशांना याद्या दिल्या. एका पीएचसीत लोक परत येऊ लागले. दुसरीत नाही. जे झालं ते इमानेइतबारे लिहून पाठवलं.

समीक्षकाचा शेरा असा: उपचाराच्या वर्णनाला दीड पान दिलंय, तो रुजवायला काय केलं त्याला दोन ओळी. स्टारीची यादी भरून जोडा.

त्या दोन ओळी इथे देते. "कर्मचाऱ्यांना प्रशिक्षण देण्यात आले. नियमित पर्यवेक्षण करण्यात आले."

वाचून मलाच कसंनुसं झालं. पहिल्या पीएचसीत जे घडलं ते प्रशिक्षणामुळे घडलेलं नाही, हे मला पक्कं माहीत होतं. तिथल्या फार्मासिस्टने, कुणी न सांगता, बीपीवाल्यांना मंगळवारची तारीख द्यायला सुरुवात केली होती, कारण मंगळवारी त्या गावचा बाजार. खिडकीच्या आत त्याने बुटांचं एक रिकामं खोकं ठेवलं होतं, त्यात कार्डं तारखेच्या क्रमाने उभी लावलेली, मध्ये मध्ये औषधाच्या खोक्याचे पुठ्ठे खुपसून आठवडे पाडलेले. मंगळवारी संध्याकाळी त्या आठवड्याच्या कप्प्यात जी कार्डं उरतील ती न आलेल्यांची. ती काढून तो आशांच्या हातात द्यायचा. इतकंच. आमच्या पेपरात ना मंगळवार, ना खोकं.

आता स्टारीबद्दल. एखादा उपचार प्रत्यक्षात कसा रुजवला, याचे पेपर कसे लिहावेत ते सांगणारी ही यादी. एडिंबरा विद्यापीठातल्या हिलरी पिनॉक आणि त्यांच्या गटाने ती केली, २०१७ च्या मार्चमध्ये ती बीएमजे या वैद्यकीय नियतकालिकात आली. त्याआधी तज्ज्ञांकडून फेऱ्याफेऱ्यांनी मतं मागवली होती आणि २०१५ मध्ये लंडनला बसून छाटणी केली. मुद्दे २७, पण खरी गंमत आहे तिच्या दोन रकान्यांत. उजवा रकाना विचारतो, काय दिलं? डावा विचारतो, ते लोकांपर्यंत आणि कर्मचाऱ्यांच्या हाताबोटांत कसं उतरवलं? दोन्हींची उत्तरं वेगवेगळी द्यायची. आम्हा लोकांची सवय अशी की उजवा रकाना भरून घ्यायचा आणि डावीकडे "प्रशिक्षण, पर्यवेक्षण" असा अंगारा लावायचा.

शेवटाकडे २२, २३, २४ असे तीन मुद्दे लागोपाठ येतात. ठरवलं तसंच केलं की वाटेत बदललं. दरम्यान आजूबाजूला काय बदललं. आणि यात कुणाचं काही नुकसान झालं का. चोविसाव्याला मी अडकले. आम्ही कुणाला विचारलंच नव्हतं.

तर मंडळी, बुटांचं खोकं शास्त्रीय नियतकालिकात लिहावं का? आमचे सर म्हणतात, "लोकल इनोव्हेशन बाय स्टाफ" असं लिही आणि मोकळी हो.

कंदीपेढा

खोक्याला +१, सरांना -१.

माझा विषय नाही, मी सॉफ्टवेअरवाला. पण आईच्या चकलीची आठवण झाली. भाजणीचं प्रमाण वहीत लिहिलंय, ग्रॅमसकट. बायकोने तीन दिवाळ्या केली, तीनही वेळा सोऱ्यातून बाहेर येताच तुटली. शेवटी आईला फोन लावला. ती म्हणते, मोहन कडकडीत घातलं ना? वहीत का नाही लिहिलं विचारलं तर, "ते काय लिहायचं असतं?"

बाकी आमच्या साताऱ्यात ते बीपीचं केंद्राचं काम सुरुवातीलाच आलं होतं असं ऐकून आहे. त्यांनी कसं लिहिलंय?

उंबरवाट

आयएचसीआय म्हणताय तुम्ही, इंडिया हायपरटेन्शन कंट्रोल इनिशिएटिव्ह. २०१७ च्या अखेरीस सुरू झालं, पहिल्या टप्प्यात पाच राज्यं होती, त्यात महाराष्ट्र. त्यांचं एक चांगलं आहे की "कसं"ला त्यांनी आधीपासून नावं दिली होती: एकच सोपा उपचारक्रम, औषधांचा अखंड पुरवठा, कामाची डॉक्टरपलीकडे वाटणी, घराजवळ उपचार आणि रुग्णागणिक माहितीची नोंद. निदान बोट ठेवायला जागा मिळते. आमच्या दोन ओळींत बोट ठेवायलाही जागा नाही.

मोहनाचा किस्सा सरांना सांगते.

तिरकस_तात्या

याद्या करून कधी कुणाची अक्कल वाढलेली पाहिली नाही. सदतीस वर्षं सर्जरी केली, मग निवृत्त झालो, तेव्हा पिंक टाकायचा हक्क राखून ठेवतो.

१९९६ मध्ये कॉन्सॉर्ट आलं, चाचण्या कशा लिहाव्यात ते सांगायला. मग २००१ ला सुधारलं, २०१० ला पुन्हा, २०२५ ला पुन्हा. आढाव्यांसाठी प्रिझ्मा. गुणवत्तासुधारणेसाठी स्क्वायर. उपचाराच्या वर्णनासाठी टायडर. आता हे स्टारी. या सगळ्या याद्यांची यादी ठेवायला इक्वेटर नावाचं एक वेगळं जाळं आहे. पोरं काय करतात? पेपर लिहून झाला की शेवटल्या रात्री यादी उघडतात आणि समोर पानाचा आकडा टाकतात. पान ४, पान ४, पान ५, लागू नाही. संपादकाचा मदतनीस रकाने भरलेत का बघतो. चार नंबर पानावर खरंच काही आहे का, कोण उघडून बघतं?

आमच्याकडे मानांकनाची तपासणी यायची तेव्हा आठ दिवस आधी एक सिस्टर बसून सहा महिन्यांच्या टिकमार्का करायची. तीन वेगवेगळी पेनं घेऊन.

मिसिसागाची_मावशी

तात्या, तीन पेनांवर हसू आलं आणि मग आलं नाही. कारण मी तीच सिस्टर. फक्त कॅनडातल्या ऑन्टॅरियोतली.

शस्त्रक्रियेची सुरक्षा-यादी तुम्हाला माहीतच असेल, जागतिक आरोग्य संघटनेची, १९ मुद्द्यांची. २००९ च्या जानेवारीत तिचा पेपर आला. आठ शहरांतली आठ रुग्णालयं, आपली दिल्लीही त्यात होती. मृत्यू १.५ टक्क्यांवरून ०.८ वर, गुंतागुंती ११ वरून ७ वर. जगभर डंका. इकडे ऑन्टॅरियोत २०१० च्या जुलैपासून प्रत्येक रुग्णालयाने यादी किती पाळली ते जाहीर करायची सक्ती झाली. मी तेव्हा ओटीत होते. रुग्णालय कुठलं ते विचारू नका.

क्लिपबोर्डवर कागद. पेशंट टेबलावर यायच्या आत निम्म्या टिकमार्का झालेल्या. सर्जन हात धुतोय, मी दाराशी उभी राहून "टाइम-आउट", म्हणजे सगळे थांबा, असं म्हणतेय आणि ऐकतंय कोण तर भिंत. महिनाअखेरीस आकडा वर गेला, जवळजवळ शंभर टक्के. आकडा खोटा नव्हता हो, प्रत्येक कागदावर टिकमार्क होतीच.

२०१४ मध्ये १०१ रुग्णालयांचा पेपर आला. तीस दिवसांतले मृत्यू आधी ०.७१ टक्के, नंतर ०.६५. म्हणजे हिशेबात धरण्यासारखा फरक नाही. मग लोक भांडायला लागले, यादी चालते की चालत नाही. मला टीव्हीसमोर बसून ओरडावंसं वाटत होतं की अरे, कुठली यादी? जिच्यासाठी पाच माणसं हातातलं काम थांबवून एकमेकांची नावं घेतात ती, की माझ्या क्लिपबोर्डवरची? कागद एकच. डावा रकाना वेगळा. उंबरवाट, तुझा धागा वाचेपर्यंत या गोष्टीला रकाना असतो हेच मला माहीत नव्हतं.

अवांतर: कंदीपेढा, मोहन कडकडीत हवंच, पण भाजणी जुनी असेल तरी तुटते.

आकडेमोड

मावशींनी नेमकं सांगितलं. मी आकड्यांच्या बाजूने भर घालतो, कारण तात्यांचा मुद्दा अर्धा बरोबर आहे आणि अर्ध्या बरोबर मुद्द्यांनीच जास्त गोंधळ होतो.

औषधाचा प्रयोग फसला तर आपण म्हणतो औषध निकामी. पण अशा कामांत "फसलं" याचे दोन अर्थ होतात. एक, गोष्ट पोचली पण उपयोग झाला नाही. दोन, गोष्ट पोचलीच नाही. दोन्हीत शेवटचा आकडा सारखाच दिसतो. पेपरात फक्त शेवटचा आकडा असेल तर वाचणारा नाणं उडवतो.

उत्तर प्रदेशात बेटरबर्थ नावाची मोठी चाचणी झाली, २०१७ च्या डिसेंबरमध्ये छापून आली. २४ जिल्हे, १२० प्रसूतिकेंद्रं, दीड लाखाहून जास्त माता. सुरक्षित बाळंतपणाची २८ मुद्द्यांची यादी आणि ती अंगवळणी पडावी म्हणून आठ महिने प्रशिक्षक केंद्रांवर जाऊन बसायचे, आधी भरपूर, मग कमी कमी करत. शेवटचा आकडा: माता किंवा बाळाचा मृत्यू अथवा मातेला गंभीर त्रास, यादीवाल्या केंद्रांत १५.१ टक्के, इतरांत १५.३. म्हणजे शून्य.

इथे पेपर थांबला असता तर "यादी निकामी" एवढंच उरलं असतं. पण त्यांनी मधला भाग मोजला होता. काही केंद्रांत माणूस उभा करून, आवश्यक गोष्टी खरंच केल्या जातात का ते पाहिलं होतं. दोन महिन्यांनी यादीवाल्या केंद्रांत ७२.८ टक्के, इतरांत ४१.७. प्रशिक्षक थांबल्यावर, म्हणजे सुरुवातीपासून बारा महिन्यांनी, ६१.७ आणि ४३.९. म्हणजे गोष्ट बरीच पोचली, टेकू काढल्यावर थोडी ओसरली, पण पूर्ण गेली नाही. तरी मृत्यू हलले नाहीत. म्हणजे अडचण पुढे कुठेतरी आहे: कौशल्य, वर पाठवण्याची सोय, रक्त, शस्त्रक्रिया. शून्य निकालाचा पेपर इतकं शिकवू शकतो, तो मधला भाग लिहिला म्हणून.

आता तात्यांसाठी एक आकडा. २०१३ मध्ये बीएमजेतच एक पाहणी आली होती, औषधाव्यतिरिक्तच्या १३७ उपचारांची. मूळ पेपर वाचून तो उपचार दुसऱ्या कुणाला करता येईल इतकं वर्णन किती जणांनी दिलं होतं? ३९ टक्के. लेखकांना पत्रं लिहून विचारल्यावर आकडा गेला ५९ वर. म्हणजे माहिती लेखकांच्या टेबलाच्या खणात होती. कुणी मागितली नव्हती. टायडरची १२ मुद्द्यांची यादी त्याच गटाकडून पुढच्या वर्षी आली.

यादीने अक्कल वाढत नाही हे कबूल. यादी फक्त खण उघडायला लावते.

तिरकस_तात्या

खण उघडा, माझी ना नाही. पण खणातून काय निघेल याचा विचार केलाय?

उद्या या बाईंनी खोकं लिहिलं. पेपर छापून आला. परवा कुणीतरी वर बसलेल्याने वाचला. तेरवा परिपत्रक: सर्व प्राथमिक आरोग्य केंद्रांनी बुटांच्या खोक्याची तजवीज करावी. खोक्याची लांबी-रुंदी सोबतच्या परिशिष्टात. खोके खरेदीसाठी तीन दरपत्रके. खोके नसल्यास खुलासा मागवण्यात येईल. आणि सगळ्या महाराष्ट्रात मंगळवार, मग गावचा बाजार शुक्रवारी का असेना.

माझा अनुभव सांगतो, जी गोष्ट एखाद्याने आपल्या डोक्याने केलेली असते तिची "स्ट्रॅटेजी" झाली की ती मरते.

आकडेमोड

दंडवत. परिपत्रकाचा मसुदा तयारच आहे तुमच्याकडे.

पण यावरही लोकांनी डोकं खाजवलंय. पेनेलोपी हॉ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ मध्ये बीएमजेत मांडलं होतं की अशा कामांत सारखं ठेवायचं ते काम, रूप नव्हे. इथे काम काय? आलेला कोण आणि न आलेला कोण, हे दिवस संपताना न वाचता, न मोजता, नुसतं डोळ्यांना दिसणं. त्याचं रूप खोकं असेल, फळा असेल, मोबाइल असेल. मंगळवारचं काम काय? माणूस एरवीही गावात येतो त्या दिवसाला औषध बांधणं. हे लिहिलं तर परिपत्रकात खोकं येणार नाही. नुसतं खोकं लिहिलं तर येईल.

उंबरवाट, २०१३ चा प्रॉक्टर, पॉवेल आणि मॅकमिलन यांचा पेपर काढ. प्रत्येक युक्तीला आधी नाव दे, ती काय ते सांग, मग सात प्रश्न: कोणी केलं, काय केलं, कुणासाठी, कधी, किती वेळा, त्याने काय हलावं अशी अपेक्षा होती, आणि हेच का. युक्त्यांची नावं हवी असतील तर एरिक नावाची यादी आहे, ७३ युक्त्यांची. (तात्या, रागावू नका.) "प्रशिक्षण देण्यात आले" या वाक्यात सातपैकी किती उत्तरं आहेत ते मोजून बघ.

उंबरवाट

मोजली. एक. तेही अर्धं, कारण "देण्यात आले" म्हटलं की "कोणी" उडून जातं. मराठीत काय, इंग्रजीत काय, आम्ही कर्मणीचे भक्त.

पायपीट

नमस्कार. मी दोन वर्षांपासून वाचते, पहिल्यांदाच लिहिते. चुकलं तर सांभाळून घ्या. मी गटप्रवर्तक आहे. माझ्याकडे वीसेक आशा आहेत. तालुका सांगत नाही.

मॅडम, तुमचं बीपीचं मला नीट माहीत नाही पण एचबीएनसीचं माहीत आहे. बाळाच्या घरी जायचं ते. दवाखान्यात बाळंतपण झालं असेल तर सहा वेळा, ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी. घरी झालं तर पहिला दिवस धरून सात. आशाला त्याचे २५० रुपये, पण वजन कार्डावर पाहिजे, लस पाहिजे, जन्माची नोंद पाहिजे, मग. कागदावर वर लिहिलेलं असतं, "आशा गृहभेट देते". आता ही गृहभेट म्हणजे काय ते मी सांगते.

बाळाचा श्वास एक मिनिट मोजायचा. ६० किंवा जास्त आला तर धोका. त्यासाठी घड्याळ दिलेलं असतं. एक मिनिट म्हणजे फार वेळ असतो मॅडम. बाळ रडतं, सासू विचारते झालं का, आशाचा आकडा चुकतो. मग ती पहिल्यापासून मोजत नाही, ४४ लिहिते. मी फॉर्म बघते तेव्हा मला ४४, ४४, ४२, ४४ असं दिसलं की कळतं. मी ओरडत नाही. पुढच्या भेटीला सोबत जाते आणि सासूला म्हणते, आजी, तुम्ही घड्याळ धरा आणि मिनिट झालं की सांगा. सासूला काम दिलं की ती गप्प बसते आणि बाळाकडं पण बघते. हे मला कुठल्या ट्रेनिंगमध्ये शिकवलेलं नाही. माझ्या अहवालात हे लिहायला जागा नाही. अहवालात "भेटी: इतक्या" एवढंच असतं.

दुसरं, तुम्ही नुकसान विचारलं. तुमचा फार्मासिस्ट न आलेल्यांची कार्डं आशाला देतो. आशा कार्ड घेऊन दारात उभी राहिली की गल्लीला कळतं ह्यांना बीपी आहे. लग्नाची पोरगी असलेल्या घरात हे चालत नाही. एका घरातून माझ्या आशाला बोलून हाकललं होतं, ते शुगरच्या कार्डावरून. तेव्हापासून आम्ही कार्ड पिशवीत ठेवतो आणि पाणी मागायच्या निमित्ताने आत जातो. तुमच्या तिथं काय करतात ते विचारा.

कंदीपेढा

पायपीटताई, दोन वर्षं वाचत होतात आणि लिहिलं नाहीत, हेच या धाग्यावरचं सगळ्यात मोठं नुकसान. स्वतंत्र धागा काढाच. वाचनखूण साठवली.

मिसिसागाची_मावशी

सासूच्या हातात घड्याळ. मला आमच्या ओटीत हे सुचायला हवं होतं. आमचा एक भूलतज्ज्ञ थोडं असंच करायचा, सर्जनलाच मोठ्याने यादी वाचायला लावायचा. वाचणारा माणूस ऐकतोच.

उंबरवाट

पायपीटताई, तुमचा प्रतिसाद तीनदा वाचला. ४४, ४४, ४२, ४४ हे मी वर्गात सांगणार आहे, परवानगी असेल तर.

तुम्ही एचबीएनसी काढलंत म्हणून. त्याचं मूळ गडचिरोलीत आहे हे बहुतेकांना माहीत असेल. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या सर्च संस्थेचं काम, १९९९ च्या डिसेंबरात लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आलं. ३९ गावांत काम, ४७ गावं तुलनेला. नवजात मृत्यूदर हजारी ६२ वरून तिसऱ्या वर्षी २५.५ वर. हा आकडा आपल्याकडे पाठ असतो. पण ते "कसं" झालं ते एका पेपरात मावलं नाही. गावातल्याच, पाच ते दहा इयत्ता शिकलेल्या बायका. त्यांचं बारीक बारीक टप्प्यांनी शिक्षण. दर पंधरा दिवसांनी डॉक्टर गावात येऊन नोंदी तपासणार, चुका दाखवणार, पण स्वतः उपचार करणार नाही. २००५ मध्ये जर्नल ऑफ पेरिनॅटॉलॉजीची एक अख्खी पुरवणी त्यासाठी निघाली. स्टारी तेव्हा जन्मायची होती.

मग २०११ मध्ये हेच आशांमार्फत देशभर गेलं. आता दोन रकाने शेजारी ठेवून बघा. गडचिरोलीत जंतुसंसर्ग झालेल्या बाळाला गावातलीच बाई जेंटामायसिनचं इंजेक्शन द्यायची, आई-बापाच्या संमतीने. देशपातळीवर आशाच्या हातून इंजेक्शन काढलं गेलं. म्हणजे उजवा रकाना बदलला. आणि दर पंधरवड्याला गावात येऊन चुका दाखवणाऱ्या डॉक्टरच्या जागी पायपीटताई, वीस आशांमागे एक, स्वतःच्या पायांनी. म्हणजे डावाही बदलला. नाव मात्र तेच राहिलं, "घरच्या घरी नवजात काळजी". मग कुणी आकडा मागतो आणि म्हणतो गडचिरोलीसारखं का होत नाही. मी कुणाला दोष देत नाहीये. एवढ्या मोठ्या देशात बदल करावेच लागतात. पण काय बदललं ते एका जागी लिहून ठेवायला २२ वा मुद्दा आहे ना, तो याच्यासाठीच.

तिरकस_तात्या

पायपीटबाई, तुम्हाला माझा नमस्कार. एवढं म्हणतो आणि गप्प बसतो. (फार वेळ नाही.)

शब्दमर्यादेचं काय करणार? तीन हजार शब्दांत सासू, घड्याळ, खोकं, मंगळवार, सगळं कोंबणार?

आकडेमोड

नियतकालिकं पुरवणी-फाइल घेतात, मर्यादा तिला नसते. स्टारीवाल्यांनीही हेच सुचवलंय, पेपरात थोडक्यात आणि बाकीचं सोबत जोडा. पुरवणी कोण वाचतं हे विचारू नका. ज्याला पुन्हा करून बघायचंय तो वाचतो, आणि लिहायचं त्याच्यासाठीच असतं.

उंबरवाट

मंडळी, आठवडाभराने आले. मसुदा टाकतेय. डाव्या रकान्यातला पहिला परिच्छेद, इंग्रजीत जाण्याआधी मराठीत लिहून पाहिला, म्हणजे "देण्यात आले" मागे लपता येत नाही.

"पहिल्या केंद्रातील औषध निर्माण अधिकाऱ्याने, अभ्यास सुरू झाल्यावर पाचव्या आठवड्यापासून, रक्तदाबाच्या रुग्णांना पुढची तारीख बाजाराच्या दिवसाची दिली. हे मूळ आराखड्यात नव्हते. त्याने रुग्णांची कार्डे तारखेनुसार एका खोक्यात उभी लावली. दिवसाखेर उरलेली कार्डे म्हणजे न आलेले रुग्ण. ती त्याच संध्याकाळी किंवा दुसऱ्या सकाळी तो आशांना देत असे. हेतू: अनुपस्थिती त्याच दिवशी नजरेस पडावी आणि औषधासाठी रुग्णाला वेगळी फेरी पडू नये. तो रजेवर असताना दोन आठवडे हे झाले नाही."

शेवटचं वाक्य फोन करून कळलं. आणखीही कळलं. मी विचारलं, मंगळवार तुम्हाला कसा सुचला? तो म्हणाला, मला कुठे सुचला. एक म्हातारी खिडकीशी भांडली होती. वाडीवरनं वडाप बाजारादिवशीच सुटतं, तू मला गुरुवारी बोलावतोस, मी काय उडत येऊ? म्हणून तिला मंगळवार दिला, मग तिच्या वाडीतल्या सगळ्यांना दिला, मग सगळ्यांनाच. तेव्हा "कोणी केलं" या प्रश्नाचं माझं उत्तर चुकलंय, ते दुरुस्त करते.

आशांनाही भेटले. पायपीटताई म्हणाल्या तसंच निघालं. दोन घरांनी कार्ड घेऊन येऊ नका असं सांगितलं होतं. आम्हाला कुणी सांगितलं नाही, कारण आम्ही विचारलं नव्हतं. चोविसाव्या मुद्द्यासमोर आता तीन ओळी आहेत.

सर म्हणाले, खोकं राहू दे. फोटो काढून पुरवणीत टाक म्हणाले. फोटोत बुटाच्या कंपनीचं नाव दिसतंय, त्यावर चिकटपट्टी लावायची का यावर आमची बैठक होणार आहे.

तिरकस_तात्या

लावा. नाहीतर परिपत्रकात तीच कंपनी येईल.

पायपीट

मॅडम छान लिहिलंय. एक विचारू का? दुसऱ्या पीएचसीत लोक आले नाहीत म्हणालात. तिथं काय कारण लिहिलंय?

उंबरवाट

"कर्मचाऱ्यांमध्ये प्रेरणेचा अभाव" असं आहे सध्या. ते मलाही खटकतंय. तिथला फार्मासिस्ट खरं तर बरा माणूस आहे. त्याला पहिल्या पीएचसीचं सांगितल्यावर त्यानेही खोकं केलं होतं, मंगळवारचे कप्पे पाडून. चाललं नाही.

पायपीट

त्या गावचा बाजार कधी असतो?

उंबरवाट

थांबा, तिथल्या आशाला फोन करते.

उंबरवाट

रविवारी. ओपीडीची खिडकी बंद असते.